छातीवरची नावाची पट्टी

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
१५ फेब्रुवारी २०२६

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आज महाशिवरात्र, दोघांचाही उपास असेल. बाबा, गोळ्या आहेत, तेव्हा नुसत्या चहावर राहू नका.

परवा आईने फोनवर विचारलं, की तोंडं झाकलेली माणसं भररस्त्यातून एखाद्याला गाडीत कोंबून नेतात, ते सरकारी माणूस की गुंड, हे ओळखायचं कसं? फोनवर सगळं बोलता येत नाही आणि मे महिन्यात तुम्ही इथे यायचं म्हणताय, म्हणून सविस्तर लिहिते.

आई, तू पाहिलेला व्हिडिओ बहुतेक मॅसॅच्युसेट्समधल्या समरव्हिलचा. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठात पीएचडी करणारी एक तुर्की मुलगी रोजा सोडायला निघाली होती. साध्या कपड्यांतल्या माणसांनी तिला घेरलं, एकाने हात धरले आणि ती किंचाळली. ते इमिग्रेशन खात्याचे, म्हणजे 'आइस'चे, अधिकारी होते. त्या क्षणी हे तिने कशावरून ओळखायचं?

नियम नाहीत असं नाही. केंद्राचा नियम सांगतो, की अटक करताना शक्य आणि सुरक्षित होताच आपण इमिग्रेशन अधिकारी आहोत हे सांगायचं, अटकेचं कारणही सांगायचं. पण 'शक्य आणि सुरक्षित' कधी, हे ठरवणार तोच अधिकारी, आणि नाव सांगायची सक्ती नाही. २०२० मध्ये ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडच्या निदर्शनांत ओळख न दाखवता केंद्राचे लोक उतरले, त्यानंतर नाव किंवा क्रमांक आणि खातं दिसलंच पाहिजे असा कायदा झाला. तोही फक्त दंगल-निदर्शनांच्या बंदोबस्तापुरता. कुणाच्या दारात पहाटे उभं राहायचं असेल तर तो लागू नाही.

बाबा, तुम्हाला हे पटणार नाही, मला माहीत आहे. तुमचा खाकी शर्ट धुवायला टाकताना आई खिशावरची काळी पट्टी आधी काढून ठेवायची. पांढऱ्या अक्षरांत नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली बजावलं, की अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. आता सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही नावाची अट आहे. ती किती पाळली जाते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तरी तुम्ही म्हणायचात, नाव दिसत असलं की हात जरा आवरतो.

इथे कॅलिफोर्नियाने तेच करायचा प्रयत्न केलाय. गव्हर्नर न्यूसम यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये दोन कायद्यांवर सही केली. एकात पोलिसांनी कामावर तोंड झाकायला बंदी, दुसऱ्यात खातं आणि नाव किंवा बिल्ला क्रमांक दिसलाच पाहिजे. केंद्र सरकार नोव्हेंबरमध्ये कोर्टात गेलं. याच महिन्यात न्यायाधीश क्रिस्टिना स्नायडर यांनी मास्कबंदी केंद्राच्या अधिकाऱ्यांपुरती रोखली, कारण राज्याने स्वतःच्या राज्य पोलिसांना त्यातून वगळलं होतं. मला ते बरोबर वाटलं. दुसऱ्यावर बंधन घालायचं तर आधी आपल्या माणसांवर घाला. ओळख दाखवायची अट मात्र त्यांनी रोखली नाही. वाद इथेच मिटेल असं वाटत नाही.

आइसचं म्हणणं असं, की नावं इंटरनेटवर टाकून अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना धमक्या येतात. ही भीती मी खोटी मानत नाही, मी स्वतः पोलीस लाइनीत वाढलेय. पण म्हणूनच तर कायद्यात नावाऐवजी क्रमांक चालतो. क्रमांकावरून कुणी घर शोधत येत नाही, आणि तक्रार मात्र करता येते. उलट ओळख नसली की तोतयांचं फावतं. जून २०२५ मध्ये मिनेसोटात पोलिसाच्या वेशात आलेल्या माणसाने आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या नवऱ्याला घरात गोळ्या घातल्या. आपल्याकडे व्हिडिओ कॉलवर गणवेश दाखवून 'डिजिटल अरेस्ट' करणारे वेगळं काय करतात?

आता तुमच्यापुरतं. आम्ही कामावर असताना दार वाजलं तर उघडायचं नाही, आतूनच विचारायचं. 'पोलीस' एवढं जाकिटावर लिहिलेलं पुरेसं नाही, आइसवालेही तेच घालतात. कागद दाराखालून सरकवायला किंवा काचेला लावायला सांगायचं. वर कोर्टाचं नाव आणि खाली न्यायाधीशाची सही आहे का, एवढं बघायचं. खात्याच्याच अधिकाऱ्याने सही केलेलं वॉरंट वेगळं. ते दाखवलं म्हणून दार उघडायला तुम्ही बांधील नाही. मग मला फोन. बाबा, अशा वेळी "मीही खात्यातलाच" म्हणून बोलायला पुढे जाऊ नका. कागद नीट असतील, भिण्याचं कारण नाही, पण इथली पद्धत वेगळी.

फिरायला जाताना पासपोर्ट आणि आय-९४, म्हणजे देशात रीतसर आल्याच्या नोंदीचा कागद, जवळ ठेवायचा. आय-९४ इथे उतरल्यावर मी छापून देईन. तीन महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणा. मेच्या दुसऱ्या आठवड्यातली तिकिटं बघतेय, दादाला सुट्टी मिळते का विचारून दोन दिवसांत कळवा, म्हणजे मुंबईपर्यंत सोडायला तो येईल.

तुमची लेक