पावती घ्यायला विसरू नकोस

सातारा,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

टेम्पोवाल्याचा फोन आला होता. आपली निवडुंगाच्या पुस्तकांची सगळी खोकी तुझ्याकडं नीट उतरवली म्हणाला, एक खोकं वरून भिजलंय पण आतलं कोरडं आहे. त्याच्या 'कोरडं'वर माझा भरवसा नाही. १४ नंबरचं खोकं आधी उघड, त्यात सगळा आर्ट पेपर आहे. आर्ट पेपरला ओल लागली की पानाला पान चिकटतं, आणि वाळल्यावर ओढायला गेलं की चित्राचं सालपट निघून येतं. चिकटली असतील तर हात लावू नकोस. मी आलो की बघू. कधी येईन ते गुडघा सांगेल.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आपलं गुरुवारचंच भांडण पुन्हा सुरू होतं, म्हणून कागद घेतला.

त्या खोडरबरावरून मी इतका आवाज चढवायला नको होता. तुला ती पेन्सिलीची घाण वाटली, वाटणारच. शेवटच्या पानावर कोपऱ्यात जी दोन-तीन अक्षरं आहेत ती खरेदीची किंमत आहे. दहा अक्षरांचा एक शब्द, दहाही अक्षरं वेगळी, पहिल्या अक्षराचा एक, दुसऱ्याचा दोन, असं. गिऱ्हाइकासमोर पुस्तक उघडलं तरी त्याला कळत नाही, आपल्याला कळतं किती खाली यायचं ते. शब्द तुझ्या आईनं काढला होता. आपली सगळी विक्री टपालानं, गिऱ्हाईक समोर कधी आलंच नाही ही गोष्ट वेगळी. तो शब्द पत्रात लिहीत नाही, भेटल्यावर सांगेन. तोवर खोडू नकोस, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते मी भलत्याच तऱ्हेनं म्हटलं.

टेप लावता लावता तू एक बोललीस. "बाबा, ह्या धंद्यात सगळ्यात बरं काय, तर कुणाचं तोंड बघावं लागत नाही." हसत बोललीस, मीही हसलो. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. गेल्या वर्षभरात तुझ्या वाट्याला जे आलं त्यानंतर असं वाटणं चूक नाही, आणि नंदूकाकाला जे बोलायचं ते तो बोलून झालाय, त्यात माझी भर नको. फक्त एक कर. पार्सलं पोस्टात तू स्वतः घेऊन जा. घरी न्यायला माणूस येतो म्हणालीस ना, त्याच्या हाती देऊ नकोस.

कारण वजन. ज्ञान पोस्टला, म्हणजे पुस्तकांसाठीच्या टपालाला, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, मधे पायऱ्या आहेत, कर वेगळा. पायरीच्या काठावरचं पार्सल असेल तर एक पुठ्ठा कमी केला की खालच्या दरात बसतं. हे काट्यासमोर उभं राहूनच जमतं. गेल्या डिसेंबरात रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद झालं तेव्हा मी साडेतीन किलोचं पार्सल घेऊन काउंटरवर उभा होतो. संगणकात तो पर्यायच नव्हता. काउंटरवरच्या पोरीचा काय दोष, तिनं तीनदा बघितलं. पार्सल घरी परत आणलं आणि कोईमतूरच्या बाईंना कळवलं, थांबा. १ मे पासून ज्ञान पोस्ट आलं तेव्हा कुठं ते निघालं. रजिस्टर तर सप्टेंबरपासून स्पीडपोस्टातच मिसळलं. दर कधी बदलतील, नियम कधी, ते काउंटरवरच आधी कळतं. घरात बसून कळत नाही.

आता तुझं कौतुक. माझी वही तू दोन रात्रींत संगणकात चढवलीस, फोटो काढलेस, आणि पहिल्या रात्रीत अकरा पुस्तकं गेली. अकरा! माझा चांगला महिना म्हणजे आठ-नऊ. मी पोस्टात सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, अक्काला फोन करून सांगितलं. अक्का म्हणाली, घरात काटे लावू नयेत असं मी तुला चाळीस वर्षं सांगतेय, पण पोरगी काटे न लावता काट्यांवर पैसे मिळवते, हे बरं. तिचं कौतुक असंच असतं.

माझी पहिली ऑर्डर अशी नव्हती. १९९१ च्या जूनमध्ये इंग्लंडातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून ब्रिटन आणि रोझ मागवायचं ठरवलं. निवडुंगांवरचा तो मूळ ग्रंथ, १९१९ ते १९२३ मध्ये चार खंडांत निघालेला. आपल्याला परवडणारा म्हणजे डोव्हर प्रकाशनानं १९६३ साली दोन खंडांत काढला तो. सोबत आणखी पाच-सहा पुस्तकं. पौंडांचा ड्राफ्ट काढायला फॉर्म भरला, आणि जुलै उजाडताच सरकारनं दोन दिवसांच्या अंतरानं रुपया दोनदा खाली आणला. हिशेब केला होता त्याच्यावर जवळजवळ पाचवा हिस्सा जास्त. फरकाचे पैसे आईनं शिवणाच्या डब्यातून काढून दिले आणि एक शब्द बोलली नाही. पुस्तकं समुद्रमार्गे आली, भाऊबीज उलटल्यावर. ती पहिली यादी मी स्टेन्सिल कापून काढली, एकतीस पुस्तकं. त्यातली पाच माझी स्वतःचीच होती, नुसती यादी लांब दिसावी म्हणून घातली. ती पाचच आधी खपली.

यादीवरून आठवलं. जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही घालत जा. बॅकेबर्ग ह्या अभ्यासकानं निवडुंगांच्या एकेका घराची, म्हणजे गटाची, दहा घरं केली, आणि डेव्हिड हंटच्या मंडळींनी २००६ साली बऱ्याच भिंती पुन्हा पाडल्या. ज्यानं तीस वर्षं कुंडीवर नोटोकॅक्टस लिहिलंय तो पॅरोडिया हे नवं नाव शोधणार नाही. लोबिव्हियावाला एकिनॉप्सिसच्या पानावर जाणार नाही. नाव बदललं म्हणून पुस्तक रद्दी होत नाही, उलट जुन्या नावाची माणसं जुन्याच पुस्तकाला धरून असतात. अँडरसनचं २००१ चं ७७६ पानी पुस्तक मात्र कायम एक शिल्लक ठेव. नवा माणूस तिथूनच आत येतो.

आणि कुणी नुसतं 'निवडुंगाचं पुस्तक' मागितलं तर आधी विचार, तोडल्यावर पांढरा चीक येतो का. आपल्याकडं बांधावरचा त्रिधारी निवडुंग, शेर, थोर ह्या सगळ्यांना चीक असतो आणि त्यातलं एकही कॅक्टस नाही, ते युफोर्बिया. चीक म्हणाला की युफोर्बियाची यादी पाठवायची. आणि फड्या निवडुंग, ज्याच्या नावानं पुण्यात विठोबासुद्धा आहे, तो खरा कॅक्टस, पण मुळात आपल्या मातीतला नव्हेच, अमेरिकेतून आलेला. हे लिहून विचारलं तर उत्तरं गोल येतात. फोन करून विचारावं लागतं. तोंडाने. मी म्हणतोय ते ह्याचसाठी.

भाषण झालं, माफ कर. हे सगळं तुला माझ्याइतकंच येतं. दहा वर्षांची होतीस तेव्हा मॅमिलेरियाचं स्पेलिंग तू मला सांगायचीस.

तुला सज्जनगड आठवतो? भाद्रपद होता, तू नऊ वर्षांची. शिंदळ माकुडी फुलली असेल म्हणून मी तुला घेऊन गेलो. जगभरचे मांसल झाडांचे वेडे जिच्यापायी शिवनेरी नि सज्जनगडाची नावं पाठ करतात ती ही, डालझेल साहेबानं जुन्नरकडं शोधून मुंबईच्या फ्रिअर गव्हर्नराचं नाव दिलेली. फ्रेरिया इंडिका. आता तिला बुसेरोसियात घातलंय, पण ते असो. तिच्या भाऊबंदांना म्हणावी अशी पानं नसतात, हिला असतात, म्हणून फूल नसताना शेजारून गेलं तरी ओळखू येत नाही. कड्याला लोंबत होती, लालबुंद चांदणी, त्यावर पिवळे शिंतोडे. मी अर्धा तास पालथा पडून बघत बसलो. तू दहा मिनिटांत कंटाळलीस नि पायऱ्यांवर ताक विकणाऱ्या बाईंपाशी जाऊन बसलीस. मी उठून आलो तेव्हा त्यांच्या थोरल्या सुनेचं माहेर कुठलं, धाकट्याची नोकरी का सुटली, म्हैस कितीला घेतली, सगळं तुला माहीत झालेलं. खाली येईपर्यंत सांगत होतीस. मी म्हटलं, अगं, फूल बघितलंस का? तर म्हणालीस, बघितलं की, पण बाबा, ते बोलत नाही.

कड्याची जागा इथंही लिहीत नाही. तूही कुणाला सांगू नकोस. जुन्या पुस्तकांत कुठलं झाड कुठल्या टेकडीवर ते सरळ छापलेलं असे, आता नवे लेखक मुद्दाम मोघम लिहितात. चिलीतून उपटून नेलेली हजाराच्या वर झाडं २०२० साली इटलीत पकडली, त्यातली आठशेवर पुढच्या वर्षी परत पाठवली. तुझ्याकडंही कुणी तरी मागेल, फक्त ती दोन पानं स्कॅन करून पाठवा, जागा दिलेली. नाही म्हणायचं. पुस्तकाबरोबर झाडाचं एखादं पिल्लू गुंडाळून पाठवा म्हणणारे तर असतातच, त्यांनाही नाही. आपण कागद विकतो.

परदेशी पार्सलं तू बांधशील तेव्हा मला सांग. आई मांजरपाटाची पिशवी शिवायची, दाभणानं, टाका इतका बारीक की काउंटरवरचे लोक बघायला उठायचे. लाख मी लावायचो. आता मांजरपाटाची गरज नाही म्हणतात. पण पुस्तकाचे चार कोपरे आधी पुठ्ठ्याच्या टोप्यांत घाल, मग प्लास्टिक, मग पुठ्ठा, मग खाकी कागद. पार्सल कोपऱ्यावरच आपटतं. खोक्यांत वेखंड आहे, ते काढून टाकू नकोस, कसर लागत नाही.

लिहू की नको असं दोन दिवस चाललंय, पण लिहितो. इचलकरंजीचे ड्रॉइंग मास्तर तुला आठवतील, पाकिटावर काटेरी चित्रं काढून पाठवायचे, तू ती जमवायचीस. एकोणीस वर्षं आमचा पत्रव्यवहार होता. त्यांच्या मुलीचं लग्न कधी झालं, मोतीबिंदू कुठल्या डोळ्याचा, एकिनोसिरियसला पहिलं फूल कुठल्या साली आलं, सगळं मला माहीत. इचलकरंजी इथून किती लांब आहे? सकाळी निघालं तर जेवायला पोचता आलं असतं. एकदाही गेलो नाही. एक व्ही.पी., पैसे भरून सोडवायचं पार्सल, परत आली, वर पोस्टमननं निळ्या बॉलपेननं लिहिलेलं, 'घेणार मयत, परत'. मी ते पाकीट घेऊन बसलो आणि मला त्यांचा आवाज आठवेना. मग लक्षात आलं की तो मी कधी ऐकलाच नव्हता.

तेव्हा आईला मी म्हटलं होतं, एक गिऱ्हाईक गेलं. ती म्हणाली, गिऱ्हाईक? आणि आत गेली. तिला मीही पहिल्यांदा तेच सांगितलं होतं, बघ, ह्या धंद्यात कुणाचं तोंड बघावं लागत नाही. अगदी तुझ्याच शब्दांत. गुरुवारी तू बोललीस तेव्हा मी हसलो, आणि मग त्या खोडरबरावरून ओरडलो. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते तू समजून घे. मला नीट लिहिता येत नाही.

तू एकटी राहू नकोस असं मी म्हणत नाही. एकटं राहणं तुला जमेल, मला जमलंय. तळेगावात शेजार बरा आहे का, एवढंच कळव. आणि पोस्ट घरापासून किती लांब आहे ते. शुक्रवारी दुपारी सवयीनं पिशवी घेऊन मी आपल्या पोस्टात गेलो. पिशवीत काहीच नव्हतं. पोरगी म्हणाली, काका, आज काय? मी पाच रुपयांची तिकिटं घेतली नि तुझं सांगितलं, अकरा पुस्तकांचं. ती म्हणाली, परत आणा त्यांना एकदा घेऊन. मी बरं म्हटलं.

पैसे लागले तर सांग, लाजू नकोस. आयात पुस्तकावर २०१९ पासून पाच टक्के ड्यूटी आहे, बाहेरून मागवताना ती धरून किंमत लाव, नाहीतर माझं जुलैचं झालं तसं होईल.

दिवसातून एकदा तरी बाहेर जा. जेवण वेळेवर कर. मी पुन्हा तेच लिहितोय, मला दिसतंय.

तुझा,
बाबा

ता. क. बडोद्याच्या वकिलांची ऑर्डर जुन्या पत्त्यावर आली आहे, सोबत जोडतो. त्यांना पुस्तक पाठवण्याआधी एक फोन कर. म्हातारे आहेत, बोलायला फार आवडतं, अर्धा तास जाईल. पार्सल स्वतः काउंटरवर दे. पावती लागते.