बिदियाहून आल्यावर

मस्कत,
शनिवार, रात्री

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर माझा आवाज चढला. गाव सोडून पनवेलच्या फ्लॅटवर राहायला या, हा विषय पुन्हा काढायलाच नको होता. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी कालचं सांगतो.

साइटवरच्या एका ओमानी सहकाऱ्याने त्याच्या गावी नेलं, बिदियाला. इथून २०० किलोमीटरच्या वर. गाव संपतं तिथेच समोर वाळू उभी. टायरमधली हवा निम्म्याने सोडली आणि आत शिरलो. याला शार्किया वाळवंट म्हणतात, जुनं नाव वहिबा. पसारा १२,५०० चौरस किलोमीटर, दक्षिणोत्तर लांबच लांब टेकड्या. बाबा, या टेकड्या रचल्यात नैऋत्य मोसमी वाऱ्याने. आपली कौलं उडवतो ना, तोच! इथे पाऊस देत नाही, नुसती वाळू सारतो.

सहकाऱ्याचे आईवडील आत राहतात. खजुराच्या झावळ्यांचं खोपट, बाहेर पिकअप, तिच्यावर पाण्याची टाकी. आईच्या चेहऱ्यावर नाकापाशी कंगोरा असलेला बुरखा, मुखवट्यासारखा ताठ. शेळ्यांचा सगळा हिशेब तिच्याकडे. एका उंटिणीच्या कासेला पिशवी बांधलेली, पिल्लाने सगळं दूध पिऊन टाकू नये म्हणून. आम्हाला वेलदोड्याची कडू कॉफी मिळाली, बिनकानाच्या चिमुकल्या कपात, सोबत खजूर. कप नुसता परत दिला की पुन्हा भरतात. पुरे असेल तर तो हलवायचा असतो, हे मला पाचव्या कपानंतर कळलं. रात्रभर टक्क जागा होतो.

हे लोक बदू, वाळवंटातले भटके पशुपालक. बदू म्हणजे वाट फुटेल तिकडे जाणारे, असं मी धरून चाललो होतो. तसं मुळीच नाही. जून ते सप्टेंबर खजुराच्या तोडणीला वाळवंटाच्या कडेला अल हुयावाच्या बागांत, थंडीत वाळूत. कुठल्या विहिरीवर कोण, कुठल्या झाडाखाली कोण, सगळं ठरलेलं. दिवाळीनंतर घाट उतरून आपल्या शेतात मेंढ्या बसवायला येणारे धनगर आठवा. दर वर्षी तीच माणसं, तेच शेत. चार दिवस उशीर झाला की तुम्हीच रस्त्यावर जाऊन बघायचात.

आई, हे खास तुझ्यासाठी. त्या वाळूत मधेच हिरवीगार झाडं उभी आहेत. ती गाफची, मुळं म्हणे ३० मीटरपर्यंत खाली जातात. उंट-शेळ्यांचा पाला तोच, माणसांची सावलीही तीच. फोनवर शोधलं तर ही आपली शमी निघाली! गणपतीच्या पत्रीत खरी शमी नसते म्हणून तू दर वर्षी कुरकुरतेस, आणि इथे शेळ्या ती पोटभर खातात.

मुलाने बिदियात पक्कं घर बांधलंय. एसी आहे, नळ आहे, नातवंडांची शाळा जवळ. म्हातारबाबा उन्हाळ्यात येतात, पण अंगणात खाट टाकून झोपतात आणि थंडी पडली की पुन्हा वाळूत. मुलगा वैतागून सांगत होता, मी जोरजोरात मान हलवत होतो. मग त्याने माझ्यादेखत वडिलांना विचारलं, इथे असं काय ठेवलंय? ते काही बोलले नाहीत. उठले, उंटिणीच्या कासेची पिशवी सोडली आणि पिल्लाला पुढे ढकललं. मुलगा गप्प बसला. मीही.

फ्लॅट भाड्याने देऊन टाकतो. मागच्या पडवीचे पत्रे तेवढे पावसाआधी बदलून घ्या, पैसे पाठवतो. स्वतः वर चढू नका, बाबा, माणूस लावा.

शमीची एक डहाळी वहीत दाबून ठेवलीय. बारीक पानं गळायला लागलीत. उरेल तेवढी गणपतीला आणतो.

तुमचा,
बाळू