उघड्या मुळांची रोपं: वैशूला पत्र

डर्बी, इंग्लंड,
१४ फेब्रुवारी

प्रिय वैशू,

सप्रेम नमस्कार.

फोटो पाहिले. तू मागवलेली रोपं मेलेलीच आली असं तुला वाटतंय, पण ती मेलेली नाहीत गं, चांगली ठणठणीत आहेत, पैसे परत मागू नकोस. बेअर-रूट रोपं अशीच येतात. ना कुंडी, ना माती, ना एखादं पान. हिवाळ्यात ही झाडं झोपलेली असतात, तेव्हा शेतातून उपटायची, माती झटकायची आणि ओलसर भुशात गुंडाळून पाठवायची, अशी इथली पद्धत. आपल्याकडे हळदीचा पाला वाळून गेला तरी खाली कंद जिवंत असतो ना, तसंच समज. बर्फात वरचं सगळं जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याच मुळांतून पुन्हा कोंब येतात.

रोप जिवंत आहे की नाही ते हाताला कळतं. मूळ दाबून बघ, घट्ट लागलं की झालं. लिबलिबीत असेल, कुबट वास मारत असेल तर तेवढा भाग कापून टाक. वर थोडी पांढरी बुरशी दिसली तर नुसती पुसून काढ. तुझ्या दुसऱ्या फोटोतली जाड तपकिरी मुळं पिओनीची आहेत. त्यांच्या डोक्यावर लालसर गुलाबी टोकं दिसतायत बघ, तेच डोळे. नखाने खरवडू नकोस, या वर्षीचा सगळा जोर त्यांच्यातच साठलेला आहे.

लावायच्या आधी मुळं तास-दोन तास पाण्यात ठेव. जमीन गोठलेली असेल किंवा वाफ्यात पाणी साचलं असेल तर मात्र थांब. तोवर ती मोठ्या कुंडीत ओल्या कंपोस्टमध्ये पुरून बाहेरच ठेवायची. स्वयंपाकघरात हीटरजवळ नको, तिथे कोंब अवेळी फुटतात, लांबट आणि फिके.

खड्डा रुंद घे. तळाशी मातीचा लहानसा उंचवटा कर, त्यावर गड्डा (जिथून मुळं आणि कोंब फुटतात तो भाग) बसव आणि मुळं चहूबाजूंनी खाली पसरू दे. माती बोटांनी मुळांच्या फटींत सारायची, कारण पोकळी राहिली की तिथलं मूळ सुकतं. मग हाताने दाबून बसव आणि आभाळ भरलेलं असलं तरी झारीभर पाणी घालच. त्या पाण्यानेच माती मुळांना चिकटते. तुमची माती चिकण दिसते, तेव्हा आधी भरपूर कुजलेलं खत मिसळ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खोली. बाकी काही इकडचं तिकडे झालं तरी झाड सांभाळून घेतं, खोलीच्या बाबतीत तसं नाही. पिओनीचे डोळे मातीखाली जेमतेम अडीच ते पाच सेंटिमीटर हवेत. त्याहून खाली गेले तर पानं झकास येतात, फूल मात्र येत नाही, आणि माणूस उगाच खतांवर खर्च करत बसतो. होस्टाचा गड्डा जमिनीच्या पातळीला ठेव, ॲस्टिल्बीचाही. डे लिलीचा बोटभर खाली. आयरिस घ्यायची झाली तर आत्ता नको, उन्हाळा सरताना घे आणि तिचा कंद वर उघडा ठेव, त्याला ऊन लागलं पाहिजे.

जागा ठरवताना घाई करू नकोस. पिओनीला ९० सेंटिमीटर, होस्टाला साधारण ६० सोड. पहिल्या वर्षी बॉर्डर, म्हणजे फुलझाडांचा हा लांबट वाफा, ओकीबोकी दिसेल, दिसू दे. एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा एकाच जातीची तीन-तीन जवळ लाव. गर्ट्रूड जेकिल या इंग्लिश बागरचनाकार बाईंचं काम जरूर बघ. मूळच्या चित्रकार, १८४३ ते १९३२ हा त्यांचा काळ. सरे परगण्यातल्या मन्स्टेड वुडला त्यांनी सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद बॉर्डर केली होती. दोन्ही टोकांना निळे, पांढरे, राखाडी असे थंड रंग आणि मध्यावर लाल-नारिंगी. इतकी जागा आपल्याकडे कुठली, पण रंग चढवत नेण्याची रीत चार मीटरच्या वाफ्यालाही लागू पडते.

पुढच्या कडेला ‘रोझॅन’ जिरेनियम लावलंस हे फार बरं केलंस. त्याचे दोन्ही पालक हिमालयातल्या जातींचे आहेत, ठाऊक होतं का तुला? २०१३ मध्ये लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात त्याला प्रदर्शनाच्या शताब्दीचं रोप म्हणून निवडलं होतं. जूनपासून थंडी पडेपर्यंत निळं फुलत राहतं.

लावून झालं की पाच-सात सेंटिमीटर कंपोस्टचं आच्छादन घाल, पण कोंबांच्या डोक्यावर नको, तिथे ओल धरून सड लागते. प्रत्येक रोपाशी नावाची पट्टी खोच, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात तिथेच फावडं पडेल. होस्टाचे कोंब वर आले की संध्याकाळी टॉर्च घेऊन स्लग (बिनशंखाच्या गोगलगाई) वेचायला जायचं. नुकते उघडणारे, गुंडाळीतले कोंब त्यांना फार आवडतात. एका रात्रीत चाळणी करतात.

पहिला उन्हाळा पाणी सोडू नकोस. आठवड्यातून एकदा भरपूर, रोज शिंतोडे नकोत. फ्लॉक्स पुढच्या वर्षापासून मे अखेरीस तिसरा हिस्सा छाटायचा, म्हणजे बुटका, भरगच्च राहतो आणि थोडा उशिरा फुलतो. याला इथे ‘चेल्सी चॉप’ म्हणतात, कारण त्याच सुमारास ते प्रदर्शन असतं. पिओनीला ही छाटणी अजिबात नको. तिला फुलायला दोन-तीन वर्षं लागतील, पण एकदा रुळली की पन्नास वर्षंही जागा सोडत नाही. तिला हलवायचं नाही, एवढंच.

शरद ऋतूत सगळं कापून वाफा चकाचक करायचा मोह होईल. नको करूस. वाळक्या दांड्यांत किडे हिवाळा काढतात आणि बियांवर पक्षी येतात. फेब्रुवारीअखेरीस काप.

पाडव्याला मी येतेच आहे तुमच्याकडे. आमची डे लिली फार दाटली आहे, तिचा गड्डा फोडून दोन तुकडे आणते. कुंपणाजवळची उन्हाची जागा तेवढी मोकळी ठेव आणि तिथलं तण मुळासकट काढून ठेव. मुलांना खूप प्रेम, काकूंना फोनवर माझा नमस्कार सांग.

तुझी,
सुमेधा