आईची गोळी आणि आमचे वेळापत्रक

डोंबिवली,
रविवार सकाळ

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होत असूनही मुद्दाम पत्र लिहायला बसले आहे, कारण फोनवर मी नेहमी घाईत असते आणि हे घाईत सांगण्यासारखे नाही. दोन महिन्यांपूर्वी बाबांच्या तोंडून सहज निघून गेले की आईने जेवणाआधीची मधुमेहाची गोळी रात्री आठला घेतली आणि 'तिचा फोन येऊन जाऊ दे, मग पाने घेते' म्हणत ती दहापर्यंत तशीच बसून राहिली. शेवटी हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला आणि बाबांना साखरेचे पाणी पाजावे लागले. ती गोळी घेतल्यावर लगेच पोटात अन्न गेले नाही तर साखर एकदम उतरते, हे आईला डॉक्टरांनी बजावलेले आहे. तरीही ती थांबली. त्या वेळी मी ओट्यापाशी दुसऱ्या दिवशीच्या डब्याची गवार मोडत होते आणि आईला फोन करायचा आहे हे आठवत असूनही 'एवढे आवरून घेते' म्हणत होते.

त्याच आठवड्यात कचेरीतल्या तपासणीत माझा रक्तदाब १४८/९६ निघाला. तुम्हाला सांगितले नाही, त्याबद्दल रागावू नका. डॉक्टरांनी मीठ कमी करायला आणि चालायला सांगितले, पण त्यांचा पहिला प्रश्न 'झोप किती होते?' हा होता आणि मला पटकन उत्तर देता आले नाही.

बाबा, तेव्हा मला तुम्ही आठवलात. साताऱ्याच्या डेपोत वाहतूक नियंत्रक असताना रात्री जेवणानंतर तुम्ही ड्यूट्यांचा तक्ता पसरून बसत असा आणि लाल पेनाने नावे इकडची तिकडे करत असा. रात्री साडेदहाला गाडी लावणाऱ्या चालकाला पहाटेची पहिली फेरी का देत नाही, असे मी विचारले होते, तेव्हा १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांची विश्रांती सांगितली होती, हे तुम्ही मला समजावले होते. 'आधी विश्रांती मांडायची, मग फेऱ्या', हे तुमचे वाक्य. आमच्या घरात मात्र शेवटचे भांडे पावणेबाराला पालथे पडत होते आणि गॅस पाचला पेटत होता. सातवीतली थोरली अकराला झोपून पावणेसहाला उठत होती, आणि तिच्या वयाला तर नऊ तासांच्या आसपास झोप लागते. धाकट्याचे त्यातल्या त्यात बरे, कारण २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवल्यापासून त्याची शाळा उशिरा भरते. पण एकाची शाळा सातला आणि दुसऱ्याची नऊला, म्हणून माझी सकाळ दोनदा उजाडत होती.

मग आम्ही चौघे जमिनीवर बसलो आणि तुमच्यासारखा तक्ता आखला. आधी प्रत्येकाची झोप लिहिली, मग एकत्र जेवण, आणि उरलेल्या चौकटींत बाकीचे. मुलांचे दोन क्लास त्यात बसेनात, ते सोडले. तबला ठेवला, कारण थोरली ताटावरसुद्धा बोटे वाजवत असते आणि ते तिच्याकडून काढून घेणे मला पटले नाही. ह्यांची दुसरी पाळी असते त्या आठवड्यात पोळ्या केंद्रातून आणतो. आई, तुला हे रुचणार नाही, पण त्या पाऊण तासात मी धाकट्याजवळ बसते आणि तो मला शाळेतले सगळे सांगतो, जे मला आधी त्याच्या वर्गशिक्षिकांकडून कळत असे. स्टेशनवरून रिक्षा न करता चालत येते, म्हणजे रोजची पंचवीस मिनिटे झाली. रविवारचा फेरफटका धरला की आठवड्याला सांगितलेली १५० मिनिटे भरतात. दिवे साडेदहाला बंद होतात. पहिले पंधरा दिवस मला चुकल्यासारखे वाटत होते, काहीतरी करायचे राहून गेले असे. आता नाही वाटत. परवा रक्तदाब १३४/८६ भरला. अजून लक्ष ठेवायला सांगितले आहे, पण सकाळी उठताना डोके जड नसते.

आता तुमच्याविषयी. आजपासून माझा फोन रात्री येणार नाही. रोज संध्याकाळी पावणेसातला, लोकलमधून उतरून चालताना करीन, आणि रविवारी सकाळी निवांत. लोकल उशिरा आली तर त्या दिवशी फोन होणार नाही. त्यात काळजीचे काही नसेल. आई, तू गोळी आणि जेवण ठरल्या वेळेलाच घ्यायचे, माझ्यासाठी एक मिनिटही थांबायचे नाही. मुलांच्या परीक्षेला मदत म्हणून इकडे यायचा तुमचा बेत आहे, तो कृपा करून रद्द करा. तुम्ही मे महिन्यात या, आमच्याकडे राहायला म्हणून या, आमचे काम उचलायला नको.

बाबा, तक्त्याची प्रत सोबत जोडली आहे. बुधवारची चौकट मला अजून ओढाताणीची वाटते. तुमच्या लाल पेनाने दुरुस्त करून पाठवा.

तुमची,
ताई