मार्चपर्यंत थांबू नकोस

ठाणे,
8 जानेवारी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, मार्चमध्ये हे प्रोजेक्ट संपलं की रजा टाकून येते, मग निवांत." ये, जरूर ये. पण फोन ठेवल्यावर एक गोष्ट मनातून जाईना. मेसेजमध्ये ती मावली नसती, म्हणून पत्र लिहायला बसले.

तू मार्चमध्ये येशील तेव्हा इथे पंखे पाचवर असतील. पावटा संपलेला असेल. पातीची लसूण, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याच्या जुड्या शोधूनही मिळणार नाहीत. आम्ही दोघं तुझी वाट बघत थांबू, त्याची काळजी नको. थंडी मात्र कुणासाठी थांबत नाही, आणि आपल्या ठाण्याच्या वाट्याला ती येते तरी किती! डिसेंबर अर्धा सरला की येते आणि जानेवारी संपता संपता निघायच्या तयारीत असते. तेवढ्या दिवसांत जे मिळतं ते त्या त्या दिवशीच घ्यावं लागतं, मार्चच्या रजेत ते भरून काढता येत नाही. म्हणून तुला आजचा दिवस सांगते. आज ना सण होता, ना कुणी पाहुणं येणार होतं. बँकेत पासबुक भरून आणायचं होतं, ते आणलं.

सकाळी खोबरेल तेलाची बाटली थिजलेली होती. घरातला पारा चोवीसच्या खाली उतरला की आपल्याकडे हे होतं. बाटली गॅलरीत उन्हात ठेवली. कडेने आधी तेल सुटतं, मधला पांढरा गोळा सुटा होऊन तरंगायला लागतो, मग तोही विरघळतो. गवती चहा घातलेला चहा घेऊन मी ते बघत बसले होते. तेवढा वेळ मी दुसरं काहीही केलं नाही आणि मला फार बरं वाटलं.

बाबांनी निवृत्तीनंतर उन्हाचा अभ्यासच मांडलाय. गॅलरीतून आत येणारं ऊन दुपारी बाराला जिथवर पोचतं तिथे फरशीवर खडूने रेघ मारतात, शेजारी तारीख लिहितात. मी फरशी पुसताना ती रेघ सोडून पुसते. त्यांच्याकडूनच कळलं की आपली गॅलरी दक्षिणेला आहे म्हणून हे सुख आहे. ठाणं साधारण 19 अंश अक्षांशावर, त्यामुळे या दिवसांत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर असतो, दक्षिणेला कललेला. ऊन तिरपं होऊन कठडा ओलांडतं, उंबरा ओलांडतं आणि थेट दिवाणापर्यंत येतं. मार्चमध्ये ते कठड्यापाशीच थबकेल. जूनमध्ये तर सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाच गेलेला असतो, मग गॅलरीत भर दुपारी सावली. तुझ्या शाळेच्या दिवसांत याच उन्हात तुझे केस वाळवायचे मी. तेव्हा कोनाबिनाचं काही माहीत नव्हतं, पण ऊन कुठे बसायला बोलावतं ते पाठीला कळायचं.

पासबुक भरून तशीच जांभळी नाक्याला गेले. वाटेत तलावपाळीवर थोडी रेंगाळले. मासुंद्याच्या पाण्यावर सकाळी पातळ धुकं होतं. कोपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडले. मंडईच्या तोंडाशी शहापूरकडची एक बाई बसते, तिच्याकडून पावटा घेतला. ती म्हणाली, "घ्या ताई, दवावरचा आहे." तुला हे माहीत आहे का? भात कापून झालं की त्याच शेतात वाल-पावटा पेरतात. वेगळं पाणी द्यायचं नाही. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर ते पीक उभं राहतं. त्या शेंगेला हात लावला की बोटांना एक तेलकट, उग्र वास चिकटतो, तो साबणानेही लवकर जात नाही. मला तो वास फार आवडतो. रायगडकडचे लोक पोपटी लावतात तीही याच शेंगांची. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, ओवा, मीठ. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. आपल्याला इमारतीत ते जमायचं नाही, पण शेंगा तर मिळतात.

पातीची लसूण, ओली हळद, पांढरी बोरं, पावशेर तुरीच्या शेंगा असं सगळं घेऊन पिशवी जड करून आले. मटार महाग वाटला तरी घेतला.

आता सोलण्याचं सांगते, कारण खरं तर तेच सांगायचंय. सोललेले दाणे पिशवीत मिळतात, मला माहीत आहे. ज्याला वेळ नाही त्याने जरूर घ्यावेत, त्यात काही कमीपणा नाही. पण आम्ही दोघं उन्हात बसून सोलतो तेव्हा जे होतं ते त्या पिशवीत येत नाही. हात गुंतलेले असतात, डोळे परातीत असतात, समोरासमोर बघायचं नसतं, आणि मग माणूस आपोआप बोलायला लागतो. आज बाबा वागळे इस्टेटमधल्या दिवसांबद्दल बोलले. एमआयडीसीची ती पहिली वसाहत, हे त्यांनी तुला शंभर वेळा सांगितलं असेल. पण आज वेगळंच सांगितलं. थंडीत थर्ड शिफ्ट सुटली की रात्रभर लोखंड आणि कूलंटमध्ये राहून बोटं बधिर झालेली असायची. गेटबाहेरच्या टपरीवर सगळे जण चहाचा ग्लास घेऊन नुसते उभे राहायचे. प्यायचा नाही, आधी दोन्ही हातांत धरायचा. बोटांत जीव आला की मग पहिला घोट. म्हणाले, "त्या वेळी कुणी कुणाशी बोलत नसे. सगळे ग्लास धरून उभे." इतकी वर्षं संसार केला, पण हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं नव्हतं, त्यांनी ठरवून सांगितलं नव्हतं. पावटा सोलता सोलता निघालं. मनू, माझ्यासाठी आजच्या दिवसातली सर्वांत मोलाची गोष्ट ही.

सगळं छान होतं असं नाही. येऊरचे डोंगर दुपारपर्यंत धुरकट होते. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, त्यामुळे गाड्यांचा धूर आणि बांधकामांची धूळ खालीच कोंडून राहते. बाबांचा खोकला अजून गेलेला नाही. जिन्यातला दिवा कुणी बदलत नाही. पण यातलं सगळं मार्गी लागल्यावर मग उन्हात बसू, असं मी म्हटलं असतं तर एकही हिवाळा माझ्या वाट्याला आला नसता. तू कामात बुडालेली असतेस ते मला कळतं. काम सोड असं मी म्हणतच नाही. तुझं काम तू मनापासून करतेस याचा मला अभिमान आहे. फक्त काम चालू असतानाच्या दिवसातलाही थोडा भाग तुझा असू दे.

दुपारी शेजारच्या काकूंकडे गेले होते. त्यांच्या नातवाचं यंदा बोरन्हाण आहे आणि त्या घरी हलवा करताहेत. विकत सगळं मिळतं, दागिनेसुद्धा, पण नातवाचा हलवा हातचाच हवा असं त्यांच्या मनाने घेतलंय. मला ते अगदी पटलं. तू कधी बघितलं नाहीस म्हणून लिहिते. परातीत तीळ, खाली अगदी मंद आच, आणि वरून चमचाभर पाक. लगेच बोटांनी हलवायला लागायचं, तीळ एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. पाक सुकला की आणखी एक चमचा, पुन्हा हलवायचं. असं कितीतरी वेळा. घाई केली, पाक जास्त पडला की गोळा झाला. आच वाढवली की रंग गेला. हवा गार आणि कोरडी असेल तर हळूहळू प्रत्येक तिळावर काटा फुटायला लागतो. आधी दिसत नाही, बोटांना लागतो. काकू म्हणाल्या, "हात लावून बघा, आला का?" मी हात लावला आणि खरंच आला होता. आम्ही दोघी काय आनंदलो! काम चार-पाच दिवस चालतं. मी तासभर हलवून दिलं, बोटं अजून गोड आहेत.

कपडे काढायला गच्चीवर गेले तर टाकीतून सांडलेल्या पाण्यात धोबी नाचत होता. शेपटी सारखी खालीवर करणारा तो बारका पक्षी. उत्तरेकडून इतक्या लांब येतो आणि उन्हाळा सुरू होता होता परत जातो.

संध्याकाळी गिरणीत गेले. बाजरीचं पीठ फार दिवस ठेवलं की कडवट होतं, म्हणून मी एका वेळी थोडंच दळते, आठवड्याला पुरेल इतकं. परत येताना डबा पोटाशी धरला. ताज्या पिठाची ऊब साडीतून पोटापर्यंत पोचते. बाहेर गार वारा आणि पोटाशी ही ऊब. सावकाश चालत आले, मुद्दाम. बाबा म्हणतात, संध्याकाळ लांबायला नोव्हेंबरअखेरनंतरच सुरुवात होते, सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी आणखी उशिरा उजाडत राहते. म्हणजे सगळ्यांत लहान दिवस डिसेंबरात होऊन गेला तरी सूर्य अजून सव्वासातच्या आसपासच उगवतोय. अंथरुणात पाच मिनिटं जास्त पडून राहायला एवढं कारण पुरे आहे.

जेवायला बाजरीची भाकरी, लोणी, पातीच्या लसणीची चटणी आणि पावट्याची आमटी. बाबांनी भाकरी पातेल्यातल्या आमटीत बुडवून खाल्ली, मी काही बोलले नाही.

आता तुझ्याबद्दल. बंगळुरात तुला हे काही मिळत नाही असं तू म्हणशील, तर ते खरं नाही. तिथे आता अवरेकाई आलेली असणार. ती आणि आपला पावटा, वाल, सगळे एकाच जातीतले. तिथेही तिचा मोसम थंडीचाच, आणि दवात वाढलेल्या शेंगेच्या वासासाठी लोक जीव टाकतात. मागडीकडची अवरेकाई नावाजलेली. व्ही. व्ही. पुरमच्या बाजूला दर वर्षी थंडीत तिचा मेळाही भरत आलाय. आणि गंमत बघ, आपण बिरड्यासाठी वालाला मोड आणून सालं काढतो, तसे ते लोक ओले दाणे भिजवून, चिमटून साल काढतात आणि त्या सोललेल्या दाण्यांचं, म्हणजे हितकबेळ्याचं, सारू (आमटीच ती) करतात. तुझ्या घरमालकीणबाईंना विचार. त्या तुला शिकवतील, आणि बहुतेक बसवून दोन घास खायलाही घालतील. बायकांना असं विचारलेलं फार आवडतं, मला माहीत आहे.

शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी बाजारात जा. किलोभर शेंगा आण, कारण सोलल्यावर दाणे फार होत नाहीत. टपोरी शेंग बघून घे, दाबून बघ, आत दाणा भरलेला लागला पाहिजे. खोलीत ऊन कुठे येतं ते शोध आणि तिथे बसून सोल. तुझी खोलीतली मैत्रीण असेल तर तिलाही बसव. आमटीला आपलंच वाटण कर: ओलं खोबरं, लसूण, जिरं, हिरवी मिरची. दाणा बोटाने दाबला की फुटायला हवा, पण मोडता कामा नये. आमसूल शेवटी घाल, आधी घातलंस तर दाणा शिजायला वेळ लागेल.

डिंकाचे लाडू उद्या कुरिअरने पाठवते. काकूंनी तुझ्यासाठी हलव्याची पुडीही दिली आहे, तिला ओल लागू देऊ नकोस, काटा विरतो. लाडू ऑफिसात वाटलेस तरी चालेल, पण पहिला तू खा, सकाळी, उभ्याने नाही, बसून.

तुझी,
आई