तात्या, इथे गवत पेरतात

एम्स, आयोवा
12 ऑक्टोबर

ती. तात्या व सौ. आईस,
शि. सा. न.

फोनवर बोलतोच म्हणून पत्र राहून गेलं. मी ठणठणीत आहे. आई, स्वेटर घालतोय.

तात्या, परवा तुम्ही म्हणालात, ‘लोकांच्या शेतातलं गवत राखायला इतक्या लांब गेलास का?’ हसलो, पण लागलं. म्हणून नीट सांगतो. इथे मका-सोयाबीनच्या शेतात मधे मधे पट्टे सोडून त्यात इथलं मूळचं रानगवत आणि रानफुलं पेरतात. तेही बी विकत आणून! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही म्हणालो, तण कशाला? पण हे गवत ताठ असतं, मुळं पुरुषभर खोल जातात. उतारावरून धावत आलेलं पाणी पट्ट्यापाशी दम खातं आणि माती तिथंच टाकतं. विद्यापीठाचा हा प्रयोग 2007 सालचा. शेताचा दहावा हिस्सा गवताला दिला तर वाहून जाणारी माती 95 टक्क्यांनी घटली. शेताच्या खालच्या टोकाला बाटल्या बसवलेल्या असतात, पाऊस झाला की त्या आणायच्या. बिनगवताच्या शेतातली बाटली दुधाच्या चहासारखी, पट्टेवाल्यातली जवळजवळ नितळ. त्या धुण्याचं कामही माझंच, पण हे काकांना सांगू नका.

हे शेतकऱ्यांपर्यंत न्यायला विद्यापीठाची ऑफिसं आयोवाच्या 99च्या 99 काउंटींत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांत आहेत, 1914च्या कायद्यापासूनची पद्धत. त्यांच्यावर देखरेख करणारी नऊ-नऊ माणसं प्रत्येक काउंटीतले लोकच मत देऊन निवडतात! तरी पहिल्याच बैठकीत एक म्हातारा म्हणाला, ‘दहावा हिस्सा सोडला तर त्याचं भाडं कोण देणार?’ समोर तुम्हीच बसल्यासारखं वाटलं. सरकारी योजनेतून मिळतं म्हटल्यावर त्याने फक्त मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

पैसे पाठवलेत. आधी सोसायटीचं फेडा, उरलेले माईच्या लग्नाला. मे महिन्यातली तिथी धरली तर माझं येणं कठीण आहे. पेरणीनंतरच्या पहिल्या पावसाचं पाणी चुकलं तर वर्ष वाया जातं. तिला एवढ्यात सांगू नका, मी बघतो काय ते. मावशीने सुचवलेल्या स्थळाचंही तूर्त राहू दे.

वरच्या तुकड्याच्या बांधावरचं गवत यंदा काढू नका, असं लिहिणार होतो. पण मी नसताना ते काढतं कोण?

तुमचा,
बाळू