तिसऱ्या बाकावरची पट्टी

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

औषधांच्या पिशवीत पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे बरे आहोत. परवा फोनवर मी बोलत होते आणि बाबा फक्त "बरं" म्हणाले, मग "आईला देतो". बाबांच्या त्या "बरं"चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यानंतर दोन-तीन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. म्हणून लिहूनच सांगते. फोन जसा आईच्या हातात दिलात तसं पत्रही द्याल म्हणा, पण ती ते मोठ्यानं वाचून दाखवेल, एवढी खात्री आहे.

आधी कबुली. कोरोनामुळे मार्चपासून बंद असलेलं चर्च २९ नोव्हेंबर २०२० ला, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, उघडतंय. एका वेळी किती जण, कोण, कुठं बसणार हे ठरवणाऱ्या कमिटीत मी आहे. सत्तरीच्या पुढच्यांनी तूर्त घरूनच उपासनेत भाग घ्यावा हा ठराव पाळकसाहेबांनी मांडला आणि अनुमोदन मी दिलं. "कमिटीनं ठरवलं" असं मी फोनवर म्हणाले ते अर्धंच खरं होतं. शनिवारी आम्ही चौघं चिकटपट्ट्या लावून एकाआड एक बाक बंद करत होतो. डावीकडचा तिसरा माझ्या वाट्याला आला. उठताना बाबा बाकाची कड जिथं धरतात तिथलं पॉलिश पार उडालंय, लाकूड गुळगुळीत झालंय. तिथं पट्टी चिकटेचना. दोनदा उचकटून परत लावली. शेवटी पलीकडचा मुलगा म्हणाला, "ताई, हा बाक राहू दे ना उघडा." मी नाही म्हटलं, कारण उघडा ठेवला असता तर बाबा आले असते.

बाबांनी मला दोन गोष्टी विचारल्या होत्या. देवाच्या घरात देव सांभाळणार नाही का, ही एक. आणि कुठला पाळक आपल्या हातानं चर्चला कुलूप लावतो, ही दुसरी. दुसरीचं उत्तर सोपं आहे म्हणून आधी देते. इंग्लंडात ईम नावाचं गाव आहे. १६६५ साली तिथं प्लेग शिरला. दुसऱ्या वर्षी तिथल्या पाळकांनी, विल्यम मॉम्पेसन यांनी, चर्च बंद केलं आणि उपासना गावाजवळच्या एका घळीत, उघड्यावर घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक कुटुंब दुसऱ्यापासून अंतर राखून उभं राहायचं. रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून गावानं स्वतःला कोंडून घेतलं होतं. पाळकांची बायको त्याच साथीत गेली. कुलूप लावलं म्हणून त्यांना कुणी भित्रं म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? पण बाबा, लहानपणी तुम्ही लूथरचं, आपला प्रोटेस्टंट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या धर्मसुधारकाचं, नाव घेऊन मला किती वेळा गप्प केलंय ते आठवा. १५२७ मध्ये जर्मनीत विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा लूथर गाव सोडून गेला नाही, आजाऱ्यांजवळ राहिला. तुम्ही इथवरच सांगायचात. साथीत पळावं की नाही असं विचारणाऱ्यांना त्यानं जे लिहिलं त्यात पुढचंही आहे. देवाजवळ रक्षण मागेन, मग घराला धुरी देईन, औषध घेईन आणि देईन, जिथं माझी गरज नाही तिथं जाणार नाही, म्हणजे माझ्या बेपर्वाईनं दुसऱ्याचा जीव जायला नको. शेजाऱ्याला माझी गरज असेल तर मात्र बेलाशक जाईन. या वेळी लूथर माझ्या बाजूनं आहे, काय करणार!

आई म्हणते, निदान गाणी तरी म्हणू द्या. आई, नेमकी गाणीच नकोत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन नावाचं शहर आहे. तिथं १० मार्चला एका गायकवृंदाची अडीच तास तालीम झाली. ६१ जण होते. त्यांतल्या एकाला आधीपासून सर्दी-तापासारखं वाटत होतं. पुढं एकूण ५३ जण आजारी पडले, त्यातले काही तपासणीत सापडलेले, काही लक्षणांवरून धरलेले. दोघं गेले. आपण गातो तेव्हा पोटातून श्वास घेतो आणि पोटातूनच सोडतो. बंद खोलीत तो हवेत तरंगत राहतो. तू आल्टोत, बायकांच्या खालच्या पट्टीत, ज्या जोरानं गातेस तो जोर आठव आणि मग मला सांग. म्हणून २९ तारखेला फक्त ऑर्गन वाजेल आणि आम्ही मास्क लावून उभे राहू. गीतांची पुस्तकं बाकांवरून काढून कपाटात ठेवली आहेत. दानार्पणाची थाळी फिरणार नाही, दाराशी पेटी असेल. उपासना पाऊण तासाची. हात मिळवायचे नाहीत, बाहेर घोळका करून उभं राहायचं नाही. घोळका नाही म्हटल्यावर अर्धं चर्च तिथंच संपलं, हे मलाही कळतं.

तेव्हा तुम्ही काही फार मोठ्या गोष्टीला मुकताय असं समजू नका. हे तुमचं मन राखायला लिहीत नाहीये. शनिवारी पट्ट्या लावून झाल्यावर मी मागं उभी राहून पाहिलं, तर चर्च एखाद्या परीक्षेच्या हॉलसारखं दिसत होतं.

बाबांना वाटतं, मार्चपासून मंडळी बंद पडली आणि उरला तो फोनवरच्या व्हिडिओ उपासनेचा खेळ. सुरुवातीला खेळच होता, कबूल. पहिल्या रविवारी पाळकसाहेबांचं अर्धं कपाळच दिसत होतं, आणि कुणाच्या तरी घरच्या कुकरच्या शिट्ट्या पापांगीकाराच्या मधोमध ऐकू आल्या. सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचा प्रयत्न केला तो तर विसरायलाच हवा. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो, त्यामुळे कुणी "स्वर्गातील पित्या"वर, तर कुणी रोजच्या भाकरीवर. गाण्याचं तर विचारूच नका, सेकंदाचा अगदी छोटा तुकडा मागंपुढं झाला तरी ताल सुटतो. मग सगळ्यांचे माइक बंद ठेवायचं ठरलं. पाळकसाहेब एकदा मला म्हणाले, "प्रवचन झालं की समोरून आमेन येत नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं होतं." पुढच्या रविवारपासून आम्ही एवढंच केलं की आशीर्वचनानंतर सगळ्यांचे माइक उघडायचे. तेव्हा आमेन येतात, एकाच वेळी नाही, पागोळ्या गळाव्यात तसे एकेक, आणि शेवटचा नेहमी बाबांचा. त्यांचं नेट हळू आहे म्हणून की ते लांबवून म्हणतात म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

खरं काम रविवारच्या बाहेर चाललंय. ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा ज्यांना पडद्यावर काही दिसत नाही, त्यांची यादी करून आम्ही घरं वाटून घेतली. माझ्याकडे अकरा आहेत. बुधवारी आणि शनिवारी फोन करायचा, औषध संपलंय का, झोप लागते का विचारायचं, एक स्तोत्र वाचायचं, झालं. त्यात एक आजी आहेत, बाबा ओळखतील. दर वेळी त्या मलाच विचारतात, "तुझ्यासाठी काय मागू?" पहिल्या खेपेस मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. पुढच्या बुधवारी त्यांनी त्याची चौकशी केली. आता मी विचार करून सांगते, कारण हिशेब ठेवला जातो. इतकी वर्षं त्या माझ्या मागच्याच बाकावर बसत होत्या आणि त्यांना मुलगा होता, तो लहानपणी गेला, हे मला या जुलैत कळलं.

प्रभुभोजनावरून मात्र कमिटीत तीन संध्याकाळी वाद झाला. काही मंडळ्यांनी घराघरांत भाकर आणि द्राक्षरस ठेवून पडद्यासमोर विधी केला. आमच्यातल्या काहींना ते पटलं, काहींना तो पोरखेळ वाटला. मला विचाराल तर मी कुंपणावर. टेबल एक असलं पाहिजे असं मला मनातून वाटतं, पण बिछान्याला खिळलेल्या माणसाला "टेबल उघडेपर्यंत थांबा" असं मी कुठल्या तोंडानं सांगू? शेवटी थांबायचं ठरलं. आता सीलबंद छोट्या पेल्या येतात, वर कागदासारखी भाकर आणि खाली घोटभर रस, त्या आणल्या आहेत. मी एक उघडून पाहिली. वरची झिल्ली निघता निघत नाही आणि निघाली की रस बाहीवर. एकच प्याला ओठांना लावायची आपली रीत काही दिवस तरी परत येणार नाही.

एका अंत्यविधीचं मी तुम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं. ऑगस्टमधलं. मोजक्याच माणसांना आत परवानगी होती. पाळकसाहेब पायापासून डोक्यापर्यंत प्लास्टिकच्या झग्यात, त्यांचा आवाज आतच घुमत होता. गेलेल्या बाईंची बहीण परदेशात अडकलेली, तिला दिसावं म्हणून मी फोन उंच धरून उभी होते. हात भरून आला, तो दुसऱ्या हातानं धरला. माती टाकायची वेळ आली तेव्हा ती पलीकडून म्हणाली, "माझ्या वाटची टाकतेस का?" मी डाव्या हातात फोन धरून उजव्या हातानं टाकली. परतताना पाहिलं तर आपल्या मंडळीतली माणसं रस्त्याच्या दोन्ही कडांना, एकमेकांपासून दोन-दोन हातांवर, गाडी निघून गेली तरी तशीच उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं.

मार्चच्या २७ तारखेची रात्र तुम्हाला आठवते का? पोप फ्रान्सिस रिकाम्या सेंट पीटर चौकात पावसात एकटे प्रार्थना करत होते आणि आई म्हणाली होती, "एवढा मोठा चौक आणि एक म्हातारा माणूस." बाबा म्हणाले, "आपले नव्हेत ते," आणि शेवटपर्यंत बघत बसले. हे मला आईनं सांगितलं. आईनं आणखीही सांगितलंय. रविवारी सकाळी फोनसमोर बसताना बाबा इस्त्रीचा शर्ट घालतात आणि घरात, खुर्चीवर, पायात बूट. जो माणूस याला उपासना मानत नाही तो बूट कशाला घालतो, हा माझा प्रश्न आहे. उत्तर लगेच नको.

आणि आई, तुझंही कळलंय मला. रोज दुपारी बारा वाजता सहा बायका तुझ्या फोनवर जमतात आणि प्रार्थना करतात, हे भगिनी मंडळाच्या अध्यक्षांकडून कळलं. मला वाटत होतं मी तुमची काळजी घेतेय, आणि तुझ्या यादीत माझं नाव दुसरं आहे म्हणे.

लशीच्या चाचण्यांचे निकाल याच महिन्यात आलेत, चांगले आहेत. कधी मिळेल सांगता येत नाही, पण मिळाली की पहिली पट्टी कुठली काढायची ते मी ठरवलंय. तोवर एक काम आहे. २९ तारखेला आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लावण्याआधी स्तोत्र १२२ वाचायचं आहे, परमेश्वराच्या मंदिराकडे जाऊ या असं कुणी म्हटलं तेव्हा आनंद झाला, तेच. ते बाबांनी वाचावं. आवाज चर्चमध्ये स्पीकरवर लावू. कार्यक्रमपत्रिकेत नाव घालून झालंय, त्यामुळे "बरं" एवढंच उत्तर चालेल. आई, रेकॉर्डिंग तू कर. फोन आडवा धर, पंखा बंद कर, लाल बटण दाबलंस की मनात तीन अंक मोज आणि मग बाबांना खूण कर. मध्ये खोकला आला तर थांबवू नका, तसंच चालू द्या. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवा.

रक्तदाबाची गोळी बदललेली आहे, नवी पांढरी आहे, सकाळीच घ्यायची.

मी फाटकापाशी उभी आहे. पिशवी उचललीत की खिडकीतून हात करा.

तुमची,
धाकटी